तज्ज्ञ कोण, हे पाटीवरून कळत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावात नवे हॉस्पिटल उघडले की दर्शनी भिंतीवर दहा-बारा नावांचे फ्लेक्स झळकते. हृदयरोग, मेंदूविकार, किडनी, कॅन्सर, वंध्यत्व, सगळेच तज्ज्ञ. त्यातला एखाददुसराच तिथे रोज बसतो. बाकीचे छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, सोलापूर नाहीतर हैदराबादहून आठवड्या-पंधरवड्याने येणारे ‘व्हिजिटिंग’. यात गैर काही नाही. मराठवाड्यात सुपरस्पेशालिस्ट मोजके, तेही मोठ्या शहरांत. त्यांनी सेलूला, केजला, उदगीरला येऊन ओपीडी घेतली तर रुग्णाचा एसटीचा खर्च आणि दिवस वाचतो. अडचण एवढीच की फ्लेक्सवरचा मजकूर छापणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणी वाचून तपासलेला नसतो. दोन एकर रान घ्यायचे तर सातबारा, फेरफार, चतुःसीमा सगळे बघणारा माणूस पोटावर सुरी चालवणाऱ्याची शाखा कोणती, हे विचारायला लाजतो.

बोगस डॉक्टर पकडल्याच्या बातम्या आपल्या पानांवर येतच असतात. आमच्या मते त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. डॉक्टर खरा असतो, नोंदणीकृत असतो, पण समोरच्या आजाराचे त्याचे शिक्षणच झालेले नसते. हे ओळखायला थोडी अक्षरे वाचता यावी लागतात आणि मोबाइलवर दहा मिनिटे लागतात.

आधी अक्षरे. एम.बी.बी.एस. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचे. त्यावर तीन वर्षे एम.डी. किंवा एम.एस. केले की माणूस एका शाखेचा तज्ज्ञ होतो. डी.एन.बी. ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी त्याच तोलाची आहे, तिच्याकडे नाक मुरडून बघू नये. त्याच्यावर आणखी तीन वर्षे केली की सुपरस्पेशालिस्ट: औषधोपचाराच्या शाखेत डी.एम., शस्त्रक्रियेच्या शाखेत एम.सीएच. किंवा दोन्हींच्या तोलाची डीआर.एन.बी. बारावीनंतर हे सगळे मिळून साडेअकरा वर्षे होतात. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण स्वतःला न्यूरोसर्जन म्हणवत असेल तर हिशेब तिथेच चुकतो.

अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी करणारा डी.एम. किंवा डीआर.एन.बी. कार्डिओलॉजी असावा, बायपास करणारा एम.सीएच. हृदयशल्यचिकित्सा. पाटीवर ‘हृदयरोग व मधुमेह तज्ज्ञ’ आणि खाली एम.डी. मेडिसिन असेल तर तो चांगला फिजिशियन असू शकतो. बीपी, शुगर, छातीत दुखल्यावरचा पहिला ईसीजी आणि पहिले औषध हे त्याचे रोजचे काम आहे. स्टेंट टाकणे हे त्याचे काम नाही. किडनीचे दोन वेगळे डॉक्टर असतात: डायलिसिस आणि औषधोपचार बघणारा नेफ्रॉलॉजिस्ट डी.एम., शस्त्रक्रिया करणारा यूरोलॉजिस्ट एम.सीएच. मेंदूचेही तसेच, न्यूरोलॉजी वेगळी आणि न्यूरोसर्जरी वेगळी. कॅन्सरला तर तिघे लागतात: शस्त्रक्रियेचा एम.सीएच., किमोथेरपीचा डी.एम. आणि शेक देणारा एम.डी. रेडिएशन ऑन्कोलॉजी. एकच माणूस हे तिन्ही करतो असे पाटी सांगत असेल तर तिथे पुढचे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

बालरोगाची डी.सी.एच., स्त्रीरोगाची डी.जी.ओ., हाडांची डी.ऑर्थो., भुलेची डी.ए. या दोन वर्षांच्या पदविका आहेत. आपल्याकडची कित्येक बाळंतपणे आणि कित्येक तान्ही बाळे याच डॉक्टरांच्या हातून सुखरूप घरी गेली आहेत, तेव्हा पदविका म्हणजे कमअस्सल असे कोणी समजू नये. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स या १९१२ च्या संस्थेच्या पदविकांवरून मात्र राज्यात बरेच वाद झाले आहेत. अशी पदविका असेल तर ती डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे अतिरिक्त अर्हता, म्हणजे एम.बी.बी.एस.वरचे शिक्षण, म्हणून नोंदवली आहे का, एवढे बघावे.

खरी गफलत एका अक्षराने होते. डी.जी.ओ. ही एम.बी.बी.एस.नंतरची स्त्रीरोगाची पदविका. सी.जी.ओ. हा प्रमाणपत्राचा छोटा कोर्स, तो बहुधा बी.ए.एम.एस. (आयुर्वेद) किंवा बी.एच.एम.एस. (होमिओपॅथी) डॉक्टरांच्या नावापुढे दिसतो. डी.सी.एच. आणि सी.सी.एच. यांचीही तीच गोष्ट. पाटी रस्त्यावरून वाचली तर ‘डी’ आणि ‘सी’ मध्ये फरक कळत नाही, आणि कळू नये अशाच बेताने रंगवलेल्या पाट्याही आहेत. बी.ए.एम.एस. झालेल्या वैद्यांना एम.एस. शल्यतंत्र, म्हणजे आयुर्वेदातली शस्त्रक्रियेची पदवी, करता येते. केंद्राच्या २०२० च्या अधिसूचनेने शल्य आणि शालाक्य (डोळे, कान, नाक, घसा, दात) मिळून ५८ प्रक्रिया त्यांना नेमून दिल्या आहेत. मूळव्याध-भगंदराला क्षारसूत्र, म्हणजे औषधी दोरा, लावणे हे तर त्यांचे स्वतःचेच क्षेत्र. पण तिथे पदवीपुढे कंसात आयुर्वेद हा शब्द पदवीइतक्याच मोठ्या अक्षरात हवा. अनेक पाट्यांवर तो मुंगीएवढा असतो, काहींवर नसतोच. होमिओपॅथीतल्या एम.डी.चेही तसेच.

नुसते ‘एम.डी.’ लिहिलेली पाटी दिसली तर विषय विचारावा. शरीररचनाशास्त्र, औषधशास्त्र, जीवरसायनशास्त्र, सामाजिक वैद्यकशास्त्र यांतही एम.डी. असते. ते डॉक्टर वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायला लागतातच. मात्र दम्याच्या रुग्णाने त्यांना छातीविकार तज्ज्ञ समजून जाऊ नये. रशिया, जॉर्जिया, फिलिपिन्स अशा देशांत वैद्यकाच्या पहिल्याच पदवीला एम.डी. म्हणतात. भारतात ती एम.बी.बी.एस.च्या बरोबरीची धरली जाते आणि परदेशी पदवीधरांची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरच नोंदणी मिळते. ‘एम.डी. (रशिया)’ म्हणजे कशातला तज्ज्ञ, तर अजून कशातलाच नाही.

उरलेली अक्षरे बहुतेक शोभेची. एफ ने सुरू होणाऱ्या फेलोशिपमध्ये काही दोन वर्षांच्या कसून शिक्षणाच्या असतात, काही चार दिवसांच्या कार्यशाळेच्या आणि काही नुसत्या वर्गणी भरून मिळालेल्या सभासदत्वाच्या. ‘माजी रजिस्ट्रार, घाटी’ (म्हणजे संभाजीनगरचे सरकारी रुग्णालय), ‘जर्मनीत प्रशिक्षित’, ‘सुवर्णपदक विजेते’ यावरून शाखा कळत नाही. सी.सी.ई.बी.डी.एम. हा मधुमेहावरचा प्रमाणपत्र कोर्स उपयुक्त आहे, पण त्याने कोणी एंडोक्रायनॉलॉजिस्ट होत नाही.

आता तपासणी. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने राज्य परिषदेने दिलेला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि औषधाची चिठ्ठी, दाखला, पैशाची पावती या प्रत्येकावर छापायचा असतो. विशेष अर्हता नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवू नये, हेही त्याच नियमावलीत आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली होती, पण ती त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे २००२ चीच लागू आहे. तर चिठ्ठीचा वरचा किंवा खालचा कोपरा बघा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा अलीकडचा क्रमांक वर्ष, महिना आणि पुढे अनुक्रमांक अशा तीन भागांत, तिरप्या रेघांनी तोडलेला असतो. जुन्या डॉक्टरांचा साधा सलग आकडा असतो. ‘आय’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा क्रमांक असेल तर ती भारतीय वैद्यक परिषदेची, म्हणजे आयुर्वेद-युनानीची नोंदणी. ‘ए’ असेल तर बहुधा दंतवैद्यकाची. होमिओपॅथीची परिषद निराळी.

मग राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर ‘इंडियन मेडिकल रजिस्टर’ ही देशभरच्या ॲलोपॅथी डॉक्टरांची नोंदवही उघडायची आणि क्रमांक व परिषद निवडून शोधायचे. नावाने शोधू नका. जाधव, पवार, देशमुख, शेख टाकले की याद्या संपत नाहीत. नोंद उघडली की नाव, वडिलांचे नाव, नोंदणीचे वर्ष, पदवी, विद्यापीठ आणि अतिरिक्त अर्हता दिसते. आपल्याकडे मधले नाव लिहायची पद्धत आहे ती इथे उपयोगी पडते: चिठ्ठीवरचे मधले नाव आणि नोंदवहीतले वडिलांचे नाव जुळले पाहिजे. दुसऱ्याच डॉक्टरचा क्रमांक चिठ्ठीवर छापण्याचा प्रकार इथेच उघडा पडतो. विवाहित डॉक्टरबाईंच्या बाबतीत नोंद माहेरच्या नावाची आणि चिठ्ठी सासरच्या नावाची असू शकते, तेव्हा लगेच संशय घेऊ नका, पदवीचे वर्ष आणि कॉलेज विचारून जुळवा.

सगळ्यात महत्त्वाची ओळ अतिरिक्त अर्हतेची. तिथे एम.डी., एम.एस., डी.एम. विषयासह दिसायला हवे. दिसत नसेल तर तीन शक्यता असतात. डॉक्टरने पदवी मिळूनही ती नोंदवली नाही. नोंदवली, पण राज्याकडून केंद्राकडे माहिती पोचलेली नाही. किंवा पदवीच नाही. पहिल्या दोन शक्यता बऱ्याचदा खऱ्या निघतात, कारण केंद्राची नोंदवही मागे राहते. म्हणून महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर पुन्हा शोधावे. परिषदेने डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही आणला आहे. तो दवाखान्यात लावलेला असेल तर स्कॅन करावा, पण उघडलेले पान परिषदेचे आहे का हे वर पत्त्यात बघावे. काउंटरवर चिकटवलेला प्रत्येक कोड परिषदेचा नसतो, काही हॉस्पिटलच्या जाहिरातीचे असतात आणि काही पैसे भरण्याचे. परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे ३० गुण लागतात, तेव्हा मुदतीची तारीखही बघून घ्यावी. व्हिजिटिंग डॉक्टर हैदराबादचा असेल तर तेलंगणाच्या परिषदेत शोधावे लागेल. इतके करूनही शंका राहिली तर सरळ विचारावे: “डॉक्टरसाहेब, आपलं पोस्टग्रॅज्युएशन कशात झालंय?” ज्याने तीन वर्षे रात्री जागून ते केले आहे तो आनंदाने सांगतो. चिडून बोलणारे थोडे असतात, आणि त्यांचे चिडणेही माहितीच्याच कामाचे.

शस्त्रक्रिया ठरली की पाटी बाजूला ठेवून तीन नावे लिहून घ्यावीत: ऑपरेशन कोण करणार, भूल कोण देणार, रात्री कोण थांबणार. पाहुणा सर्जन दुपारी चारला ऑपरेशन करून सहाच्या गाडीने परत गेला आणि रात्री दोनला रक्तस्राव सुरू झाला, तर हजर असतो तो आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचा निवासी डॉक्टर. आपल्याकडच्या खासगी हॉस्पिटलांत, अगदी आयसीयूतही, तो बहुधा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. असतो. तो फोनवर कोणाला बोलावणार आणि तो माणूस किती मिनिटांत पोचणार, हे आधी विचारायचे असते. भूलतज्ज्ञाकडे एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.ए. हवे. नातेवाईक त्याचे नाव कधीच विचारत नाहीत आणि टेबलावर जीव मात्र त्याच्या हातात असतो. संमतीपत्र पुष्कळदा कोरे पुढे येते, फुलीच्या जागी सही करा म्हणतात. सर्जनचे आणि भूलतज्ज्ञाचे नाव, शस्त्रक्रियेचे नाव भरून घेतल्याशिवाय सही करू नये, आणि भरलेल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढावा. उपचारांची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात, हेही त्याच आचारसंहितेत आहे.

गर्भाशय काढण्याच्या बाबतीत आपल्या विभागाने असे न विचारण्याची फार मोठी किंमत मोजली आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पांढरे जात आहे, पुढे कॅन्सर होईल, एवढ्यावर पिशवी काढायला सांगितली तर मुकादमाकडून उचल घेऊन हॉस्पिटल गाठण्याआधी दुसरे मत घ्यावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, घाटी, नांदेड, लातूर इथे स्त्रीरोग विभाग आहेत. परभणी, धाराशिव, हिंगोली, जालना इथेही आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली आहेत. केसपेपर काढायचा, सोनोग्राफीची फिल्म दाखवायची आणि ‘काढायची गरज आहे का’ असे विचारायचे.

काही उपचारांत डॉक्टरबरोबर केंद्राचीही नोंदणी बघावी लागते. टेस्ट ट्यूब बेबीच्या केंद्रांना २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी घ्यावी लागते. पहिल्या स्तराच्या केंद्रात फक्त आययूआय (शुक्राणू गर्भाशयात सोडणे) करता येते, आयव्हीएफसाठी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसाठी, दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. लाखभर रुपये हप्त्याने भरण्याआधी ते प्रमाणपत्र मागून स्तर वाचावा. केस रोपणाची दुकाने आता जिल्ह्याजिल्ह्यांत निघाली आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की हे काम त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचे रीतसर शिक्षण घेतलेल्याचे आहे, आणि कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून शिकणे पुरेसे नाही. आयोगाला यूट्यूबचे नाव घ्यावे लागले, यातच काय ते आले. आणि लॅब. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितले आहे. तरीही एकाच डॉक्टरची स्कॅन केलेली सही एकाच दिवशी वेगवेगळ्या गावांच्या रिपोर्टवर दिसते. शाईची वळणे तंतोतंत सारखी असतील तर तिथे डॉक्टर बसत नाही असे समजावे.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा फलक बघून पुष्कळ जण निश्चिंत होतात. योजनेत हॉस्पिटल विशिष्ट शाखांसाठीच अंगीकृत, म्हणजे मान्यता देऊन सामील केलेले, असते. हाडांच्या शस्त्रक्रियेला मान्यता असली म्हणून हृदयाच्या शस्त्रक्रियेला असेलच असे नाही. हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला किंवा योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर विचारून आपल्या आजाराची शाखा त्या हॉस्पिटलच्या यादीत आहे का, हे खात्रीने कळते. एखादा डॉक्टर नावापुरता दाखवला आहे अशी शंका असेल तर तीही तिथेच नोंदवावी.

यातले काहीही तातडीच्या वेळी करत बसू नये. साप चावला, अपघात झाला, झटका आला तर १०८ ला फोन करायचा आणि जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठायचे. सर्पदंशावरचे प्रतिविषाचे इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. गावातल्या बी.ए.एम.एस. डॉक्टरने पहिली सलाईन लावून पुढे पाठवले तर त्याचे उपकारच माना. रात्री बाराला दार उघडणारा तोच असतो, आणि ‘हे माझ्याकडचे काम नाही, लातूरला न्या’ असे वेळेत सांगणारा डॉक्टर पाच पदव्यांच्या डॉक्टरपेक्षा मोलाचा. होमिओपॅथांना एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधे देण्याची मुभा राज्याने २०१४ मध्ये कायद्यात घातली, त्यावर न्यायालयात वाद झाला. १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे शिक्षण नसताना होमिओपॅथने ॲलोपॅथीचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा ठरवला होता. रुग्णाने एवढेच विचारावे, की समोरच्याने कोणत्या पद्धतीचे शिक्षण घेतले आणि तो कोणत्या पद्धतीचे औषध देतोय.

खोटी पदवी लावलेली सापडली तर तक्रार कुठे, यातही लोक चुकतात. नोंदणीकृत एम.बी.बी.एस. डॉक्टरची तक्रार मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, प्रतिज्ञापत्रावर, पाटीचा फोटो, चिठ्ठी आणि पावती जोडून करायची. नियमात सहा महिन्यांत निकालाची अपेक्षा आहे, प्रत्यक्षात जास्त धीर धरावा लागतो. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक यांच्या तक्रारी त्यांच्या त्यांच्या परिषदेकडे. कुठेच नोंदणी नसलेल्या माणसावर परिषद काही करू शकत नाही. त्यासाठी तालुका आरोग्य अधिकारी, महापालिकेचा आरोग्य विभाग आणि पोलीस यांच्याकडे जायचे, गुन्हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१, कलम ३३ खाली. हॉस्पिटलच्याच नोंदणीबद्दल तक्रार असेल तर शहरात महापालिका, बाहेर जिल्हा शल्य चिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, मुदत दोन वर्षे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन गोंधळ घालण्याने मात्र फक्त तक्रारदारावरच गुन्हा दाखल होतो आणि मूळ पाटी तशीच राहते.

शेवटचे गाऱ्हाणे आपल्याकडेच आहे, संपादक महोदय. डॉक्टर दिनाची पुरवणी, दिवाळी शुभेच्छा, ‘आता आपल्या शहरात’ या अर्ध्या पानाच्या जाहिराती, नि बातमीसारख्या दिसणाऱ्या पण पैसे भरून छापलेल्या मुलाखती, या सगळ्यांत तज्ज्ञ शब्द सढळ वापरला जातो. आचारसंहितेनुसार डॉक्टरला दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस बाहेरगावी आहे, परत आलो, अशा ठरावीक कारणांपुरतेच वृत्तपत्रात निवेदन देता येते. मधुमेह मुळापासून बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याखाली बंदी आहे, तरी त्या छापून येतात. आपल्या जाहिरात विभागाने एक साधा रकाना ठेवावा: डॉक्टरचे पूर्ण नाव, परिषद, नोंदणी क्रमांक आणि परिषदेकडे नोंदलेली पदव्युत्तर पदवी विषयासह. तो भरल्याशिवाय मजकूर घेऊ नये आणि ही ओळ जाहिरातीत बाकीच्या मजकुराइतक्याच आकारात छापावी. क्रमांक तपासायला कार्यालयातल्या मुलाला दहा मिनिटे लागतील. पुढच्या १ जुलैच्या पुरवणीपासून सुरुवात करता येईल.

आपले,
काही निवृत्त वैद्यकीय अधिकारी
परभणी